हिरवी खूण आली म्हणजे खातं बरोबर आहे, असं समजायचं का? (परदेशात पैसे पाठवण्याआधी)

निळी_शाई

मी अनुवादाची कामं करते, बंगालीतून मराठीत. दिवस शब्दांत जातो आणि आकड्यांशी माझं उभं वैर आहे, हे आधीच सांगते. फोन नंबर लिहून घेतानासुद्धा माझ्याकडून दोन आकडे हमखास उलटे पडतात. त्यात आता हे काम माझ्या गळ्यात आलंय.

भाची शिकायला जर्मनीत गेली आहे. वसतिगृहात जागा मिळाली नाही म्हणून एका बाईंच्या घरात खोली घेतली. खोलीची अनामत रक्कम मी पाठवायची असं ठरलंय आणि पुढच्या शुक्रवारपर्यंत ती पोचायला हवी. परदेशात पैसे पाठवायची माझी ही पहिलीच वेळ.

माझ्यापुढे दोन कागद आहेत. एक म्हणजे भाडेकराराच्या शेवटच्या पानाचा फोटो, त्यावर घरमालकीणबाईंचं एकटीचं नाव आणि एक आयबॅन, म्हणजे परदेशी बँकखात्याचा लांबलचक नंबर. दुसरी, बाईंनी भाचीला पाठवलेली दोन ओळींची जर्मन ईमेल, त्यात वेगळाच आयबॅन आणि खात्यावर दोन नावं, त्यातलं एक पुरुषाचं. भाचीचा निरोप आला, "मावशी, त्यांनी नवं खातं दिलंय, त्यावर पाठव." मला जर्मन येत नाही. तिलाही अजून दुकानात विचारण्यापुरतंच येतं.

बँकेच्या फॉर्ममध्ये करारातला नंबर टाकला, हिरवी खूण आली. ईमेलमधला टाकला, तरी हिरवीच. मुद्दाम एक आकडा बदलला तर लगेच लाल. तेवढ्यात बरं वाटलं. मग काय डोक्यात आलं कोण जाणे, पैसे घेणाऱ्याच्या नावाच्या जागी माझंच नाव घातलं. तरीही हिरवी!

म्हणजे ही खूण तपासते तरी काय? आणि दोन्ही नंबर "बरोबर" असतील तर पाठवू कुठे?

घाईत_आहे

एवढं काय त्यात. करार सही केलेला कागद आहे, ईमेल कुणीही पाठवेल. करारातल्या नंबरवर पाठवा आणि मोकळ्या व्हा.

टेबल_क्रमांक_चार

ताई, स्वतःचं नाव घालून पाहिलंत हे फार चांगलं केलंत. परदेशी रकमांच्या टेबलावर माझी पंचवीस वर्षं गेली, पण हा प्रयोग करणारं गिऱ्हाईक मला भेटलं नाही. बहुतेक लोक हिरवा रंग बघून पुढे जातात.

ती खूण फक्त नंबरची घडण तपासते. जर्मनीचा आयबॅन २२ अक्षरांचा असतो. पहिली दोन अक्षरं देशाची, डीई. पुढचे दोन तपासअंक. मग बँकेचा ८ आकडी क्रमांक आणि शेवटी १० आकडी खातेक्रमांक. प्रत्येक देशाची लांबी ठरलेली आहे: नॉर्वेचा १५, नेदरलँड्सचा १८, फ्रान्सचा २७, माल्टाचा ३१. पैसे ज्या देशात जायचेत त्याची लांबी माहीत असली की फोटोत शेवटचा आकडा कापला गेलाय का ते बोटांवर मोजून कळतं.

तपासअंकांचं गणित असं. पहिली चार अक्षरं उचलून शेवटी न्यायची, अक्षरांचे आकडे करायचे (ए म्हणजे १०, डी १३, ई १४, असं झेडपर्यंत ३५) आणि जी भलीमोठी संख्या होईल तिला ९७ ने भागायचं. बाकी १ उरली तर नंबर घडणीने ठीक. ९७ ही मूळ संख्या आहे, त्यामुळे एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन आकडे उलटे झाले की बाकी बदलतेच. म्हणजे तुम्हाला ज्या चुकीची धास्ती आहे, नेमकी तीच चूक हे गणित दर वेळी पकडतं. आकडे उलटे पडण्याची काळजी आयबॅनपुरती सोडून द्या.

पण खातं कुणाचं, ते चालू आहे की बंद, याचा या गणिताशी काही संबंध नाही. हा नंबर जर्मनीतल्या कुठल्याही माणसाचा असू शकतो आणि खूण हिरवीच राहील. आम्ही टेबलावर नाव वाचायचो, पण समोरच्या बँकेत रक्कम जमा होते ती बहुतेक ठिकाणी नंबरावर. अमेरिकेत तर कायदाच बँकेला मुभा देतो: नाव एकाचं आणि नंबर दुसऱ्याचा असेल आणि विसंगती बँकेच्या ध्यानात आली नसेल, तर तिने नंबरावर विसंबलं तरी चालतं.

घाईत_आहे यांचा सल्ला वाईट नाही. पण बाईंनी खरोखरच खातं बदललं असेल आणि करारातलं बंद केलं असेल, तर रक्कम जाईल आणि परत येईल. जाताना एका दराने चलन बदलेल, येताना दुसऱ्या दराने, आणि मधल्या बँका आपापला वाटा कापून घेतील. शुक्रवार उलटून जाईल ते वेगळंच.

तुम्ही अजून पैसे पाठवू नका. आधी बाईंशी बोला.

परतीची_पावती

"खातं बदललंय" हे दोन शब्द वाचले आणि पोटात गोळा आला. माझं सांगतो.

परदेशातल्या एका चित्रकारणीकडून मी चार वर्षं मुखपृष्ठं करून घेत होतो. पैसे दर वेळी त्याच खात्यावर. एकदा बिलासोबत मजकूर आला, आमचं खातं ऑडिटमध्ये अडकलंय, या वेळी खालच्या खात्यावर पाठवा. ईमेल आमच्या जुन्याच संभाषणात आलेली, वर आमच्या आधीच्या गप्पा, चित्राच्या रंगावरून झालेला वाद, सगळं होतं. मला शंका आली नाही असंही नाही. मी फोन केला! ईमेलच्या खाली तिच्या सहीत होता त्या नंबरवर. एका बाईने गोड आवाजात सांगितलं, हो, आम्हीच बदललंय.

पैसे पाठवले. बारा दिवसांनी चित्रकारणीचा निरोप आला, बिल राहिलंय का? मग पत्ता डोळ्यांत तेल घालून पाहिला. एम या अक्षराच्या जागी आर आणि एन शेजारी शेजारी बसवले होते. लहान अक्षरांत ते एमसारखंच दिसतं. सहीतला फोन नंबरही त्यांचाच.

बँकेने रक्कम परत मागवायची विनंती पाठवली. तोवर खातं रिकामं झालेलं. मला वाटत होतं बँक बटण दाबते आणि पैसे उलटे येतात. तसं नसतं, हे मला त्या दिवशी कळलं. एकदा जमा झाले की समोरच्याने हो म्हणावं लागतं, आणि तो कशाला हो म्हणेल?

त्यामुळे ताई, फोन कराच, पण नंबर ईमेलमधून घेऊ नका. तुमची भाची त्या घरी खोली बघायला गेली होती ना? तेव्हाचा नंबर घ्या. त्याहून बरं म्हणजे ती दारावर जाऊन उभी राहील.

अडीच_अक्षरं

मावशी, मीही सध्या जर्मनीतच शिकतोय, म्हणून एक युक्ती सांगतो. तुमच्या भाचीचं इथल्या बँकेत खातं उघडलंय का? असेल तर तिच्याकडे तुमच्यापेक्षा चांगलं हत्यार आहे.

९ ऑक्टोबर २०२५ पासून युरो वापरणाऱ्या देशांतल्या बँकांना आपापसातल्या युरो व्यवहारांत पैसे जाण्याआधी नाव आणि आयबॅन जुळतात का ते ग्राहकाला दाखवावं लागतं, आणि तेही फुकट. ब्रिटनमधल्या मोठ्या बँकांनी २०२० मध्येच असं सुरू केलं होतं. तिने आपल्या अॅपमध्ये घरमालकीणबाईंचं नाव आणि नंबर टाकायचा, रक्कम काहीही घालायची. शेवटची परवानगी देण्याआधी पडद्यावर येतं: जुळतं, जवळपास जुळतं, किंवा जुळत नाही. जवळपास असेल तर बऱ्याचदा खरं नावही दिसतं. बघायचं आणि रद्द करायचं. पैसे जातच नाहीत.

तुम्ही युरो क्षेत्राबाहेरून पाठवत असाल तर तुमच्या फॉर्मवर हे दिसेलच असं नाही. म्हणूनच तुमचं स्वतःचं नाव बिनबोभाट चाललं.

आणखी एक, विषयाला सोडून. इथल्या नागरी संहितेच्या कलम ५५१ प्रमाणे अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही, आणि भाडेकरूला ती तीन मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क आहे. शुक्रवारी सगळी रक्कम पोचलीच पाहिजे असं कुणी म्हणत असेल तर भाचीला हे कलम माहीत असू दे.

निळी_शाई

सगळ्यांचे आभार. परतीची_पावती, तुमचं वाचून काल रात्री झोप लागली नाही, पण सांगितलंत ते बरं केलंत.

भाचीचं खातं आहे तिथे. तिने दोन्ही नंबर आपल्या अॅपमध्ये घालून पाहिले. करारातला नंबर आणि बाईंचं नाव: जुळतं. ईमेलमधला नंबर आणि बाईंचंच नाव: तेही जुळतं! म्हणजे दुसरं खातंही त्यांचंच, बहुधा नवऱ्याबरोबरचं. चोर नाही म्हणून जीव भांड्यात पडला. भाची म्हणाली, मग पाठव ना मावशी नव्यावर, दोन्ही त्यांचीच आहेत.

माझी बहीणही तेच म्हणतेय. पण मला अजून खुपतंय काहीतरी. आधी एकच युरो पाठवून बघू का?

टेबल_क्रमांक_चार

एक युरो पाठवायचा सल्ला सगळीकडे मिळतो. मी त्याच्या विरुद्ध नाही, पण त्याचा उपयोग कुठे संपतो ते ध्यानात घ्या. पाठवलेला युरो पोचला, एवढंच त्यातून कळतं. समोर लबाड माणूस असेल तर तो तुमच्याआधी आनंदाने कळवेल, "मिळाला, उरलेले पाठवा." आणि प्रत्येक व्यवहाराचे चार्जेस वेगळे लागतात. वर पोचायला एक ते चार-पाच दिवस कामाचे. तुमच्याकडे तेवढे नाहीत.

तुम्हाला काय खुपतंय ते मी सांगतो. खातं त्यांचं आहे हे ठरलं, पण ही रक्कम त्यांना त्याच खात्यावर हवी आहे का, हे अजून कुणी त्यांना विचारलेलंच नाही.

विचारायची एक पद्धत आहे. आपण नंबर वाचायचा आणि समोरच्याने "हो, हो" म्हणायचं, असं करू नका. समोरचा ऐकत नसतो, तो मान डोलावत असतो. मी स्वतः असे "हो" ऐकून फसलोय. प्रश्न मोकळा ठेवायचा: अनामत रक्कम कुठल्या खात्यावर पाठवू? मग त्यांनी त्यांच्या कागदावरून वाचायचं आणि आपण आपल्या कागदावर खूण करत जायची. चार-चार अक्षरांच्या गटांत वाचायला सांगा, छापील आयबॅन तसाच असतो, आणि गटातलाही एकेक आकडा सुटा. जर्मन माणसं दोन आकडे जोडून वाचू लागली तर थांबवायचं. त्यांच्याकडेही आपल्यासारखंच आहे, सत्त्याऐंशी म्हणताना सात आधी येतो आणि ऐंशी नंतर. ऐकताना लिहिलं की ७८ होतं.

बाकीच्या रकान्यांचं थोडक्यात. स्विफ्ट कोड म्हणजे बँकेची ओळख सांगणारा कोड, तो ८ किंवा ११ अक्षरांचा असतो, त्यातलं पाचवं-सहावं अक्षर देशाचं, ते इथे डीई असायला हवं. आयबॅन एका देशाचा आणि माणूस दुसऱ्या देशात असं दिसलं तर लगेच दचकू नका, अॅपवाल्या बँकांमुळे जर्मनीत राहणाऱ्याचा आयबॅन लिथुआनियाचा असू शकतो. फक्त तसा बदल मधेच झाला असेल तर विचारा. पत्त्यात शहर आणि देश यांचे रकाने वेगळे असतील तर वेगळेच भरा. चार्जेसच्या ठिकाणी ओयूआर निवडा, म्हणजे ते तुमच्याकडून जातील. एसएचए निवडलंत तर वाटेतली बँक रकमेतून कापून घेऊ शकते, मग बाईंकडे अनामत थोडी कमी पोचते आणि त्या थोड्यासाठी पुन्हा हेच सगळं. रक्कम युरोतच लिहा. संदेशाच्या जागी भाचीचं नाव आणि खोलीचा पत्ता घाला, तुमचं नाव बाईंना ओळखीचं नाही. पाठवून झाल्यावर बँकेकडून यूईटीआर मागून घ्या, ३६ अक्षरांचा माग क्रमांक असतो तो, रक्कम कुठे थांबली ते त्यावरून शोधता येतं.

आयबॅनची पद्धत नसलेल्या देशांत पाठवाल तेव्हा मात्र जास्त जपून. अमेरिकेत बँकेचा ९ आकडी राउटिंग नंबर आणि वेगळा खातेक्रमांक, ऑस्ट्रेलियात बँक आणि शाखा सांगणारा ६ आकडी बीएसबी आणि खातेक्रमांक. राउटिंग नंबरमध्ये तपासअंक असतो, पण तो बँकेपुरता. खातेक्रमांकात तुमचे दोन आकडे उलटे पडले तर परदेशी पाठवणाऱ्याच्या फॉर्मला ते कळेलच असं नाही. तुमची धास्ती तिथे खरी.

घाईत_आहे

एवढा मोठा प्रतिसाद शुक्रवारपर्यंत वाचून होईल का?

निळी_शाई

झालं एकदाचं. जसं घडलं तसं सांगते.

भाची आज सकाळी बाईंच्या दारावर गेली. मी फोनवर, समोर दोन्ही कागद आणि हातात लाल पेन्सिल. टेबल_क्रमांक_चार काकांनी सांगितला तसाच मोकळा प्रश्न विचारायला तिला पाठ करून दिला होता. बाई आत गेल्या, चष्मा घेऊन आल्या आणि त्यांच्या फायलीतला कागद वाचू लागल्या. डीई, मग दोन आकडे जोडून. भाचीने थांबवलं, एकेक सुटा वाचा म्हणाली. बाई हसल्या म्हणे, आणि मग शाळेतल्या पाढ्यांसारखं ठासून वाचलं.

मी ईमेलच्या कागदावर खुणा करत होते, कारण ते "नवं" खातं. पहिल्या गटातच तपासअंक चुकले. मला वाटलं मीच उलटे ऐकले. पुन्हा वाचायला लावलं. पुन्हा चुकले. मग नजर शेजारच्या कागदावर गेली आणि तिथे प्रत्येक आकडा जुळत गेला, शेवटपर्यंत. बाई करारातला नंबर वाचत होत्या!

मग भाचीने ईमेल दाखवून विचारलं, हे काय? बाई म्हणाल्या, हे भाड्याचं खातं, नवऱ्याबरोबरचं. पुढच्या महिन्यापासून भाडं इथे. अनामत तिथे चालत नाही, ती त्यांना स्वतःच्या पैशांपासून वेगळी ठेवावी लागते, त्यासाठीचंच खातं करारात छापलंय. अडीच_अक्षरं, नंतर पाहिलं तर तुमच्या कलम ५५१ मध्ये हेही आहेच की! तुम्ही तेवढंच सांगायचं विसरलात.

ईमेल मी पुन्हा उघडली. दोन ओळी. पहिल्या ओळीत चौथा शब्द "मीटे". भाचीला विचारलं, मीटे म्हणजे? म्हणाली, भाडं. मग अनामतीला काय म्हणतात? "काउत्सिओन." तो शब्द ईमेलमध्ये कुठेच नाही. तिने "नवं खातं" एवढंच वाचलं आणि पुढे पाठवलं. आणि मी, जी एका शब्दासाठी तीन तीन कोश उघडून बसते, त्या मी चार दिवस त्या ईमेलमधले २२ आकडे मोजले आणि एक शब्द विचारला नाही.

घाईत_आहे, तुम्ही पहिल्याच उत्तरात बरोबर निघालात. का बरोबर ते तुम्हालाही माहीत नव्हतं, पण मान देते.

रक्कम दुपारी पाठवली, करारातल्या खात्यावर, ओयूआर. यूईटीआर मागितला तर काउंटरवरच्या मुलाने आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग छापून दिला.

टेबल_क्रमांक_चार

यूईटीआरच्या छापील कागदाचा फोटो भाचीला पाठवून ठेवा. आणि भाड्यासाठी तिच्या अॅपमध्ये दोन्ही खाती साठवताना त्यांना वेगळी नावं द्या, एक "भाडं", एक "अनामत". बाईंच्या नावाने दोन्ही साठवलीत तर तीन महिन्यांनी पुन्हा इथेच याल.

निळी_शाई

दिली. तिने "मीटे" आणि "काउत्सिओन" अशीच दिली आहेत.